चव्वेचाळिसावं बेट

"ठरलं तर! लंबू होडी चालवणार, टिल्लू खडकांवर नजर ठेवणार आणि शेवटच्या बेटावर पहिलं पाऊल मी टाकणार!" घारीने हुकूम सोडला.

"आणि बुडालो तर?" टिल्लूने विचारलं.

"तर आधी तुला फेकू. तेवढंच वजन कमी!" लंबू म्हणाला.

"माझं वजन ते काय! तुझ्या एका तंगडीएवढं!"

सुट्टी लागून दोनच दिवस झाले होते. घारीच्या घरात, टीव्हीसमोर, तिघं जमिनीवर बसली होती. घारी तेरा वर्षांची. डोळे घारे म्हणून घारी, सरळ हिशेब. लंबू तिचा मामेभाऊ, तिच्याहून वर्षाने मोठा आणि हातभर उंच. टिल्लू शेजारचा, दहा वर्षांचा. त्याच्या तोंडाला कुलूप लावायचं राहून गेलं होतं, असं त्याची आईच म्हणायची. समोर होता बाबांच्या लहानपणचा व्हिडिओ गेम: पिवळा पडलेला डबा, वायरवाल्या दोन बटणपेट्या आणि वरच्या खाचेत बसवायची जाडजूड कॅसेट.

या कॅसेटला घरात दीड वर्ष कुणी हात लावला नव्हता, निदान घारीला तरी तसं वाटत होतं. ती दादाची होती.

दादा सतरा वर्षांचा होऊन गेला. रक्ताचा आजार होता. शेवटचे सात महिने दवाखाना आणि घर, घर आणि दवाखाना असे गेले, तेव्हा बाबांनी माळ्यावरून हा गेम काढून दिला होता. खेळ साधाच. होडी घेऊन निघायचं, समुद्रातली बेटं शोधायची. बेट सापडलं की नकाशावर त्याचं चित्र उमटतं. बेटं चव्वेचाळीस. दादाने त्रेचाळीस शोधली होती. शेवटच्या बेटाजवळ होडी नेऊन त्याने गेम बंद केला आणि घारीला म्हणाला, "हे तुझ्यासाठी ठेवलंय. दोघं मिळून उतरू."

ते राहूनच गेलं. घारीला वाटायचं, दादाची होडी अजून तिथेच उभी आहे, तिची वाट बघत. आज सकाळी तिने आईला विचारलं, तेव्हा आईने आधी गॅस बंद केला. मग म्हणाली, "लावा. पण मला बघायला बोलावू नका."

"चला, एक, दोन, तीन!" लंबूने बटण दाबलं.

टीव्हीवर निळा समुद्र आला. ओळखीची धून वाजली. खाली पाटी उमटली: नवा प्रवास.

"आता 'जुना प्रवास' कुठंय?" टिल्लू म्हणाला.

पाटी एकच होती. घारीने बंद करून पुन्हा लावलं. कॅसेट काढून फुंकर मारली, पुन्हा लावली. नवा प्रवास.

"सेल संपला असणार," लंबू हळूच म्हणाला. "या कॅसेटच्या पोटात नाण्याएवढा सेल असतो, घारे. तो जिवंत असेपर्यंतच खेळ लक्षात राहतो."

घारीने कॅसेट उलटी केली. नखाने मागची बाजू चाचपली. मग खिडकीशी नेऊन उजेडात धरली.

"ही दादाची नाहीच!" ती ओरडली. "दादाने कर्कटकाने मागे होडी कोरली होती. आईची बोलणी खाल्ली होती त्यापायी. कुठंय ती होडी?"

पाठ गुळगुळीत होती, आणि स्क्रू नवाकोरा चमकत होता.

* * *

संध्याकाळी बाबा कामावरून आले. ते चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे. घारीने कॅसेट पुढे धरली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"टीव्हीवर रेघा येत होत्या गं," ते म्हणाले. "मी एकदा गुपचूप लावून बघितला होता. म्हटलं, सुट्टीपर्यंत तुला नीट करून द्यावा. तीन आठवड्यांपूर्वी बाजारातल्या त्या जुन्या गेमवाल्याकडे दिला. आठवड्याने परत आणला. मला काय माहीत, की..."

"तुम्ही मागे बघितलं नाहीत?"

"नाही बघितलं." बाबा खाली बसले. "दिवसभर दुसऱ्यांच्या नजरेचे नंबर दुरुस्त करतो आणि घरची वस्तू ओळखता आली नाही मला!"

ते दुकान घारीला चांगलं ठाऊक होतं. त्या दुकानाची एक वेबसाइट होती, आणि वेबसाइटवर कट्टा होता. जुन्या गेमचे वेडे तिथे रात्रंदिवस गप्पा मारायचे: कुठला खजिना कुठे, कुठल्या राक्षसाला कसं हरवायचं. दादा तिथे 'खलाशी' या नावाने लिहायचा. नवं बेट सापडलं की उशीला टेकून आधी कट्ट्यावर हकीकत लिहिणार, मग औषध घेणार! घारी डोकावली की पडदा हाताने झाकायचा. "मोठी झालीस की वाच," म्हणायचा.

लंबूने बाबांच्या जुन्या संगणकावर ती वेबसाइट उघडली. पान झकपक झालं होतं. सगळीकडे फोटो, आणि प्रत्येक फोटोखाली 'आत्ताच घ्या'. कट्टा कुठेच दिसेना. शोधत शोधत ते तळाशी गेले, तेव्हा बारीक अक्षरांत एक ओळ सापडली: कट्टा बंद करण्यात आला आहे.

"बंद? आणि लोकांनी लिहिलेलं सगळं?" घारीने विचारलं.

"गप्पा विकता येत नाहीत ना," लंबू म्हणाला.

टिल्लू मात्र फोटो बघत होता. एकदम त्याने पडद्यावर बोट आपटलं. "घारे! होडी!"

होडीच होती. वेडीवाकडी, एका बाजूला कललेली, दादाने कोरलेली. फोटोखाली लिहिलं होतं: 'अस्सल जुनी कॅसेट. शनिवारी विक्रीला. नवा सेल घालून मिळेल.'

"म्हणजे अस्सल ठेवून घ्यायची आणि नक्कल परत द्यायची! लबाड कुठला!" टिल्लू किंचाळला.

लंबू मात्र फोटोखालची ओळ पुन्हा वाचत होता. "घारे," तो म्हणाला, "नवा सेल घालायचा तर जुना काढावा लागतो. काढला की आतलं सगळं पुसलं जातं. शनिवारच्या आत ती मिळाली पाहिजे."

बाबांनी तिथल्या तिथे दुकानात फोन लावला. पलीकडचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. "साहेब, तुमची कॅसेट तुम्हालाच दिलीये. ओरखडे काय, सगळ्याच जुन्या कॅसेटना असतात! पुरावा आहे का काही?" बाबा अडखळले. "नाही... म्हणजे, होडी आहे..." पलीकडे फोन ठेवला गेला.

चोराच्या उलट्या बोंबा! पण बाबा फोनकडे बघत नुसते बसून राहिले. दीड वर्षात ते असे बऱ्याचदा बसायचे, आणि त्यांना कसं उठवायचं ते घारीला कधीच कळलं नव्हतं.

"पुरावा हवाय ना त्याला?" ती लंबूकडे वळली. "देऊ या!"

* * *

लंबूच्या घरी त्याच्या वडिलांची मोटारींच्या शर्यतीची कॅसेट होती. तिचा स्क्रू साध्या पेचकसाने उघडेना. त्याचं डोकंच विचित्र. लंबूने जुनं पेन घेतलं, त्याची मागची प्लॅस्टिकची नळी मेणबत्तीवर मऊ केली आणि स्क्रूवर दाबून धरली. प्लॅस्टिक गार झालं, तेव्हा नळीच्या टोकाला स्क्रूचा हुबेहूब साचा तयार!

"डोकं आहे बरं का तुला!" टिल्लू म्हणाला. "इतक्या उंचावर असतं म्हणून दिसत नाही."

कॅसेट उघडली. आतल्या हिरव्या पट्टीवर तिघांनी न पुसणाऱ्या शाईने सह्या केल्या. टिल्लूने सहीशेजारी एक माकडही काढलं. मग कॅसेट पुन्हा बंद करून मंगळवारी लंबू आणि टिल्लू ती दुकानात दुरुस्तीला देऊन आले.

"शुक्रवारी या, असं म्हणाला," लंबूने येऊन सांगितलं.

"शुक्रवारपर्यंत त्याने दादाच्या कॅसेटचा सेल काढला तर?"

"आज जाऊन भांडलो तर तो ती लपवेल. मग कधीच मिळणार नाही."

लंबूचं बरोबर होतं. पण थांबणं कुणाला जमत होतं? बुधवारी घारी जेवली नाही. गुरुवारी ती दर तासाला वेबसाइट उघडून ती कललेली होडी जागेवर आहे ना, ते बघत राहिली. आईने दोनदा दाराशी येऊन बघितलं. आई बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायची. तिचा आवाज साऱ्या गावाच्या ओळखीचा. दादा गेल्यापासून घरात मात्र तो आवाज फारसा ऐकू येत नव्हता.

शुक्रवारी सकाळी तिघं दुकानात पोचली. दुकान चिंचोळं होतं. भिंतीवर रांगेने जुने गेम, काचेच्या पेटीत कॅसेट, आणि मागे पडद्याआड दुरुस्तीची खोली. दुकानदार पन्नाशीचा, कपाळावर भिंग चढवलेला. त्याने लंबूला कॅसेट दिली. "घे. नव्यासारखी झालीये!"

"नव्यासारखी की नवीच?" टिल्लू पुटपुटला. घारीने त्याला चिमटा काढला.

लंबू पायरीवर जाऊन बसला. खिशातलं पेन काढून त्याने स्क्रू फिरवला. आतली पट्टी स्वच्छ हिरवी. सही नाही, माकड नाही! त्याने घारीकडे बघून मान हलवली आणि बाबांना फोन लावला.

"काका, हा गेम अडकला!" आत टिल्लूने भोकाड पसरलं. त्याने दुकानात मांडलेल्या गेमची सगळी बटणं एकदम दाबून धरली होती. "काका, धूर येतोय! नाही, धूर नाही, वास येतोय! नाही, माझाच मोजा आहे वाटतं!"

"अरे, सोड ते! सोड म्हणतो ना!" दुकानदार धावला.

घारी पडद्याआड शिरली.

टेबलावर दिव्याखाली कॅसेट उघड्या पडल्या होत्या. स्पिरिटचा वास येत होता. एका पट्टीवर तीन सह्या आणि एक माकड होतं. त्याच्या शेजारी, पिशवीत बंद करून, ती होती. दादाची! घारीने पिशवी फाडली. होडीवरून बोट फिरवलं. सगळ्या कॅसेट नीट गोळा करून पळायचं, असं ठरलं होतं, पण तिने आधी दादाचीच उघडून बघितली. स्क्रू नुसता अडकवलेला होता. तो बोटांनीच निघाला.

आत नवा सेल चकाकत होता.

टेबलाखाली एक डबा होता, काढून टाकलेल्या जुन्या सेलांनी निम्मा भरलेला. सगळे काळपट, सगळे सारखे. त्यातला दादाचा कुठला, हे कुणालाच सांगता आलं नसतं.

"ए पोरी! आत काय करतेस?" पडदा सरकला. दुकानदार दारात उभा होता. मागे लंबू, टिल्लू आणि धापा टाकत आलेले बाबा. बाबा चष्म्याच्या दुकानातून पळतच आले होते, अंगावर कामाचा अंगरखा तसाच.

"हा घ्या तुमचा पुरावा!" लंबूने सह्यांची पट्टी उचलून धरली. "ही माझी सही, ही हिची, आणि हे याचं माकड. मंगळवारी ही आमच्या कॅसेटच्या पोटात होती. आज दिलेल्या कॅसेटमध्ये नाही. कशी काय?"

दुकानदाराच्या तोंडचं पाणी पळालं. बाहेर दोन-चार गिऱ्हाइकं जमली होती. "अरेच्चा, माझीही कॅसेट यानेच दुरुस्त केली होती!" त्यातला एक जण म्हणाला. बाबांनी दुकानदाराचा दंड धरला. त्यांचा आवाज घारीने दीड वर्षात पहिल्यांदा इतका मोठा ऐकला. "चला ठाण्यात! आत्ताच्या आत्ता!"

घारीचं लक्ष मात्र त्या नव्या सेलवरच होतं.

"सेल का काढलात?" तिने विचारलं.

"काय?"

"सेल का काढलात?"

"गिऱ्हाइकाला कोरी लागते," दुकानदार खाली बघत म्हणाला. "आत कुणाचं तरी जुनं खेळलेलं असतं. त्याचं कोण काय करणार? गेल्या आठवड्यातच बदलला."

"दुसरा सेल आधी तारेने जोडून ठेवला असता तर काही पुसलं गेलं नसतं," लंबू म्हणाला. "मलासुद्धा माहीत आहे. तुम्हाला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं." तो थांबला. "दहा मिनिटं जास्त लागतात."

"त्यात त्रेचाळीस बेटं होती!" घारी ओरडली, आणि तिचा आवाज फुटला. "माझ्या दादाची! तो हातात सुई असताना खेळायचा! होडी चव्वेचाळिसाव्या बेटाजवळ उभी होती!"

दुकानदाराने मान वर केली. कपाळावरचं भिंग त्याने हळूहळू काढून टेबलावर ठेवलं.

"त्रेचाळीस," तो म्हणाला. "आणि चव्वेचाळिसाव्याला हात लावला नाही. खलाशी?"

घारीने झटकन वर बघितलं.

"तो खलाशी तुझा भाऊ? कट्ट्यावर आम्ही सगळे त्याच्या बेटांची वाट बघायचो. मग एकाएकी लिहिणं बंद झालं त्याचं. मला वाटलं, कंटाळला. पोरं कंटाळतात..." त्याने कॅसेटवरच्या होडीकडे बघितलं आणि तोंडावर हात धरला. फोटो त्यानेच काढला होता. पण होडी कुणाची, हे विचारावं असं त्याला वाटलं नव्हतं.

"शेवटच्या बेटावर काय आहे?" टिल्लूने न राहवून विचारलं. "तुम्हाला तर माहीत असेल!"

दुकानदाराने बोलायला तोंड उघडलं, आणि मिटलं. "ते मला सांगता येणार नाही," तो म्हणाला.

मग तो बाबांकडे वळला. "ठाण्यात येतो. फक्त पाच मिनिटं द्या. कट्टा बंद केला, पण लिहिलेलं पुसायचा धीर झाला नव्हता. त्या कोपऱ्यातल्या संगणकात आहे."

त्याने जुनं छपाईयंत्र सुरू केलं. कुरकुर करत एकेक कागद बाहेर येऊ लागला. बाबा दंड सोडून ते कागद गोळा करत राहिले.

* * *

त्या दिवशी तिघांवर शाब्बासकीचा पाऊस पडला. ठाण्यातल्या साहेबांनी उभं राहून तिघांशी हात मिळवले. "सह्या करायची युक्ती कुणाची? वा! आमच्याकडे नोकरीला या!" ते म्हणाले. दुकानातून बत्तीस अस्सल कॅसेट निघाल्या, त्यांच्या मालकांचा शोध सुरू झाला. दुकानाला कुलूप लागलं. टिल्लूने माकडाची गोष्ट गल्लीत सात वेळा सांगितली आणि दर वेळी माकड मोठं होत गेलं. लंबूच्या वडिलांनी लंबूची पाठ इतक्या जोरात थोपटली, की त्याला ठसका लागला.

घारीचीही पाठ थोपटली गेली. तिने मान डोलावली. चोर सापडला होता, कॅसेट सापडली होती, आणि दादाची होडी मात्र कायमची गेली होती. ती शाब्बासकी घेऊन काय करायची होती तिला?

संध्याकाळी तिने कागद उघडले. सगळ्यात आधी शेवटचं पान काढलं. वरची तारीख दादा शेवटचा दवाखान्यात गेला, त्याच्या आदल्या दिवसाची होती. खलाशीने लिहिलं होतं:

'चव्वेचाळिसावं बेट मुद्दाम ठेवलंय. तिथे काय आहे, ते तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे. पण माझी धाकटी बहीण मोठी झाली की हा कट्टा वाचणार आहे. तेव्हा कृपा करून इथे कुणीही ते लिहू नका. तिने विचारलं तरी सांगू नका. तिचं तिला बघू दे. मी तिथे नसलो तरी.'

खाली एकोणीस उत्तरं होती. एकोणीस अनोळखी माणसं, आणि सगळ्यांनी एकच लिहिलं होतं: 'नाही सांगणार.' सातवं उत्तर दुकानदाराचं होतं.

घारी रडली. दादा गेला तेव्हा घर पाहुण्यांनी भरलं होतं, सगळे तिला "शहाणी मुलगी" म्हणत होते, म्हणून ती रडली नव्हती. ते आज बाहेर आलं.

बाबांनी टीव्ही लावला. दादाची कॅसेट खाचेत बसवली. निळा समुद्र आला, धून वाजली. नवा प्रवास.

"सगळं पहिल्यापासून करावं लागेल," लंबू म्हणाला. "चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस."

"सुट्टी पुरेल का?" टिल्लूने विचारलं.

"नाही पुरली तर पुढची आहे," घारी नाक पुसत म्हणाली.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात आई येऊन उभी राहिली. ओले हात तिने पदराला पुसले. ती आत आली, घारीच्या शेजारी जमिनीवर बसली आणि तिने हात पुढे केला.

"पहिलं पान दे इकडे. तू होडी सांभाळशील, की कागद?"

लंबूने बटणपेटी घारीच्या हातात दिली. आईने कागद डोळ्यांसमोर धरला. गाड्यांच्या घोषणा करताना लागायचा, तसा तिचा आवाज स्वच्छ लागला. मधे एकदाच थांबला, आणि पुन्हा सुरू झाला.

"बेट पहिलं. निघाल्या निघाल्या डावीकडे खडक आहेत. मी तीनदा आपटलोय. तुम्ही आपटू नका."

"खडक! डावीकडे!" टिल्लू ओरडला.

घारीने होडी उजवीकडे वळवली.